लाफायेटला येण्यापूर्वी: केजन शेजाराविषयी

आपल्या यजमानांची अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील लाफायेट येथे नेमणूक झाली असून तिथे फ्रेंच यावे लागेल का आणि केजन लोकांत आपण रुळाल का, असे आपण विचारले आहे. अनेक वर्षे इथे राहिल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

रोजच्या व्यवहाराला इंग्रजी पुरते. तरीही फ्रेंचचा विषय इथे हळवा आहे, हे आधीच जाणून घ्यावे. ब्रिटिशांनी १७५५ पासून आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या परिसरातून हाकलून दिलेल्या फ्रेंच भाषक शेतकऱ्यांपैकी बरेच जण पुढे लुईझियानात स्थिरावले. केजन हे मुख्यतः त्यांचे वंशज. राज्याच्या १९२१ च्या घटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली, फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या आणि तो अपमान सोसलेल्या आईबापांनी पुढे स्वतःच्या मुलांशी घरातही इंग्रजीच धरली. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या जतनासाठी मंडळ स्थापले आणि आता काही शाळांत फ्रेंच हेच शिकवण्याचे माध्यम आहे. आपली मुले लहान असतील तर अशी शाळा अवश्य पाहावी.

नव्या ओळखीत इथे नोकरीच्या आधी आडनाव आणि गाव विचारले जाते. ब्रूसार्ड, लँड्री, तिबोडो ही आडनावे ऐकताच बोलणे आजी-आजोबांपर्यंत पोहोचते. आपणही आपल्या माणसांविषयी मोकळेपणाने सांगावे आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांची चौकशी करावी. मात्र फ्रेंच बोलणाऱ्या प्रत्येकाला केजन म्हणू नये. कृष्णवर्णीय क्रिओल समाजाची परंपरा स्वतंत्र असून झायडेको संगीत त्यांचे आहे. न्यू ऑर्लिन्सलाही केजन शहर समजू नये.

खरी ओळख स्वयंपाकघरात होते. शेजारच्या आजींनी गंबो या इथल्या दाट रश्शासाठी मैदा तेलात परतताना मला शेजारी उभे केले होते. लाडवाचे बेसन भाजावे तसा मंद आचेवर, हात न थांबवता, रंग गडद तपकिरी होईपर्यंत, आणि तेवढ्या वेळात त्यांनी घराण्याचा इतिहास सांगितला. क्राउली गावाकडच्या भातखाचरांत भाताच्या कापणीनंतर पाणी भरून क्रॉफिश (गोड्या पाण्यातला, झिंग्यासारखा कवचधारी जीव) वाढवतात आणि वसंतात ते उकडून अंगणातल्या लांब टेबलावर ओततात. अशा बैठकीचे बोलावणे आले तर टाळू नये.

आपण शाकाहारी असल्याचे लिहिले आहे. गंबोत भेंडी असली तरी बहुधा कोंबडी, सॉसेज किंवा कोळंबीही असते आणि पालेभाज्यांतही डुकराचे मांस घालतात. तेव्हा आमंत्रण स्वीकारतानाच स्पष्ट सांगावे. माझ्या अनुभवात बोलावणारे नाराज होत नाहीत, वेगळे पातेले चढवतात.