शोधलेख स्वीकारला गेला, आता अंतिम फाइल म्हणून पीडीएफ पाठवली तर चालेल का?

ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांवरचा लेख स्वीकारला गेला, मनापासून अभिनंदन! पण नुसती पीडीएफ सहसा चालत नाही. छपाईसाठी मजकूर नव्याने मांडला जातो, म्हणून वर्डची किंवा लाटेकची (शोधलेख मांडायची संगणक प्रणाली) मूळ फाइल लागते. नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचा, त्यात असेल तेच अंतिम.

खरा वेळ चित्रांना द्या. वर्डमध्ये चिकटवलेला फोटो सेव्ह होताना दाबला जातो, व्हॉट्सॲपवरून आलेला तर आधीच बारीक झालेला असतो. ऐरोलीच्या खाडीवर काढलेले फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरूनच घ्या आणि प्रत्येकाची वेगळी फाइल करा. फोटोला साधारण ३०० डीपीआय (छापताना एका इंचात येणारे ठिपके) मागतात, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या रकान्यासाठी सुमारे १,००० पिक्सेल रुंदी. लहान फोटोवर नुसता ३०० आकडा टाकून तपशील वाढत नाही! आलेखाचा स्क्रीनशॉट नको, ज्या सॉफ्टवेअरमध्ये केला तिथूनच ईपीएस (मोठं केलं तरी रेषा न फाटणारा चित्राचा प्रकार) किंवा पीडीएफ काढा. तक्ते मात्र टाइप केलेलेच हवेत.

वर्डमधले ट्रॅक चेंजेस, म्हणजे दुरुस्त्यांच्या खुणा, मान्य करून टिप्पण्या काढून टाका.

आणि कोळी बांधवांकडून मिळालेली पक्ष्यांची नावं देवनागरीत दिली असतील तर ती युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरं) असू द्या. जुन्या फॉन्टमधली अक्षरं दुसऱ्या संगणकावर भलत्याच खुणा होऊन उमटतात. माझ्या लेखात तसंच झालं होतं, प्रूफ हातात आल्यावर कळलं. फार वाईट वाटलं होतं.