सोफ्यावरचे रसिक

प्रश्न : मी इंदूरची, तबला वाजवते. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात 'कायदा' (तबल्यातली विस्तार करत वाजवायची रचना) ऐन रंगात असताना पहिल्या रांगेतले एक गृहस्थ ओरडले, 'ताई, जरा हसा की!' पुढे सगळा वेळ मोबाइल खालून धरून चित्रण. आयोजक म्हणाले, 'देणगीदार आहेत, सांभाळून घ्या.' काय करावं?

उत्तर : सांभाळून कशाला? देणगी त्यांनी मंडळाला दिली, तुला नव्हे. मी हार्मोनियमवर साथ करते, त्यामुळे ही सोफ्यांची रांग चांगलीच ओळखीची आहे. तबलजी बुवांनी घाम पुसला की 'क्या बात है'. बाईनं पदर सावरला की मोबाइल वर!

पुढच्या वेळी बिदागी ठरवतानाच बोलून घे : चित्रण फक्त मंडळाचा माणूस करील, कुणी काही बोललं तर निवेदक थांबवील. मंच उंच असेल तर सोफे मागे सरकवायला लाव. तरी कुणी बरळलंच, तर तिहाई (तीनदा वाजवायचा शेवटचा तुकडा) पुरी कर, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर ये आणि हात थांबव. मग सतरंजीवरची मंडळीच त्याला गप्प करतात. (इंदूरची सतरंजी सोफ्यापेक्षा जाणकार, हे माझं जुनं मत.)

शेरा किंवा हावभाव अश्लील असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आयोजकांना हे गोड आवाजात ऐकव. पण आधी त्यांच्याकडून राहिलेली बिदागी वसूल कर.