आधी सॉसेज, मग पॅनकेक

प्रश्न : आमचं देवगडजवळ छोटंसं होम-स्टे आहे. सकाळी घावणे-चटणी नाहीतर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ असते. मोठी माणसं खूश होतात, पण मुलं पॅनकेक मागतात, आणि हल्ली त्यात सॉसेजही हवं असतं. मी फ्रीझरमधल्या चिकन सॉसेजचे तुकडे करून पिठात घालते आणि तव्यावर ओतते. खालून करपतं, तुकड्यांभोवती पीठ कच्चं राहतं आणि सॉसेज चिवट लागतं. कुठे बिघडतंय? — एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, तुमचं पत्र ऐन श्रावणात आलं. सॉसेजचा विषय त्या महिन्यात काढला असता तर आमच्या संपादकांना चार पत्रं जास्त आली असती, म्हणून गौरी-गणपती उरकेपर्यंत ठेवून दिलं. उशिराबद्दल राग नसावा.

पॅनकेक तव्यावर असतो जेमतेम तीन-चार मिनिटं. तेवढ्यात बर्फातलं सॉसेज शिजणं शक्य नाही. उलट ते आपल्याभोवतीचं पीठ गार करतं आणि पाणी सोडतं. तुकड्यांभोवती कच्चं राहतं ते त्यामुळे. सॉसेज आधी पूर्ण शिजवून घ्यायचं, पॅनकेकचं पीठ त्यानंतरच कालवायला घ्यायचं.

पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. सकाळी पसरट कढईत सॉसेज, अर्धी वाटी पाणी आणि वर झाकण. पाच-सात मिनिटांनी झाकण काढा, पाणी आटू द्या, मग चमचाभर तेल सोडून सगळ्या बाजूंनी तांबूस परता. चिकन सॉसेजला स्वतःची चरबी फारशी नसते, तेल घातलं नाही तर ते कोरडं पडतं. पाकिटावरची सूचना वाचा. बरीच सॉसेज आधीच शिजवलेली असतात, ती फक्त गरम करून परतायची; काही मात्र कच्ची असतात आणि ती मधोमध ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायलाच हवीत. थर्मामीटर नसेल तर कापून पाहा, मधे गुलाबी किंवा लिबलिबीत काही दिसता कामा नये. गार झालं की चकत्या करा, पण पातळ, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नकोत. जाड चकती असली की उलटल्यावर पॅनकेक तिच्यावर तोलून राहतो आणि बाजूचं पीठ तव्याला टेकतच नाही.

आता पीठ. दीडशे ग्रॅम मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, मोठा चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात एक अंडं, दोनशे मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे पातळ केलेलं लोणी. ओलं कोरड्यात ओता आणि पळीने दहा-बारा वेळा फिरवून थांबा. गुठळ्या दिसतील, दिसू देत. घावणाच्या पिठात गुठळी राहिली तर आपल्याला चैन पडत नाही, पण मैदा घोटत बसलात तर त्याला चिकटपणा येतो आणि पॅनकेक वातड होतो. दहा मिनिटं ठेवा, तेवढ्यात गुठळ्या आपोआप भिजतात. तासन्‌तास मात्र ठेवू नका, बेकिंग पावडरचा जोर उतरतो.

त्या पावडरचंही बघा. आपल्याकडे समुद्राची दमट हवा, त्यात पावसाळा. उघडा डबा महिन्या-दीड महिन्यात निकामी होऊ शकतो. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. लगेच फसफसली तर चांगली, नुसती विरघळली तर टाकून द्या.

राहिला तवा. इथे आपला घावण्यांना सरावलेला हात आडवा येतो. घावणाला बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवायचा, ताकासारखं पीठ चर्र ओतायचं की जाळी पडते, वर झाकण. पॅनकेकला यातलं काहीच नको. पिठात साखर आणि दूध आहे, कडक तव्यावर ते आत शिजायच्या आधीच काळं पडतं. आच मंद आणि मध्यम यांच्या मधली. पाण्याचा थेंब टाका. नाचत नाचत दोन क्षणांत आटला तर तवा तयार. गोळी होऊन घरंगळत सुटला तर फार तापलाय, थोडा वेळ खाली उतरवा. तुमचा बिडाचा तवा चालेल, किंबहुना नॉनस्टिकपेक्षा बरा, फक्त तो उष्णता धरून ठेवतो हे लक्षात असू द्या. पुसायला आपली तेलात बुडवलेली अर्ध्या कांद्याची फोडच घ्या. गोड पॅनकेकला मी ती वापरणार नाही, पण सॉसेजला कांद्याचा वास शोभतो.

डावभर पीठ ओता, पसरवू नका, आपोआप तळहाताएवढं होईल. लगेच चार-पाच चकत्या वर ठेवून बोटाने हलकेच दाबा. वर बुडबुडे येतील. बुडबुडा फुटून जागेवर बारीक भोक तसंच राहिलं आणि कडेची चकाकी गेली की कालथा घाला. भोक पुन्हा पिठाने भरत असेल तर अजून वेळ आहे. एकदाच उलटा. आता चकत्या थेट तव्यावर आल्या, त्या मिनिटभरात कडेने कुरकुरीत होतात. वरून कालथ्याने दाबू नका, सगळी हवा निघून जाईल. झाकण नकोच, वाफेने बुडबुडे कळत नाहीत.

सोबत केचप देऊ नका, हे माझं मत. अमेरिकेत पॅनकेक, सॉसेज आणि मेपल सिरप एकाच ताटलीत खातात, खारटावर गोड हीच त्यातली गंमत. पण मेपलच्या झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवला की लिटरभर सिरप होतं, तेव्हा खरं सिरप स्वस्तात मिळण्याची आशा सोडा. काकवी घ्या. उसाचीच ती, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केली की छान ओघळते. मुंबईची पोरं आधी नाकं मुरडतात, मग वाटी चाटतात.

प्रश्न : आम्ही सावंतवाडीचे. घरात गोव्याचं सॉसेज नेहमी असतं. ते पॅनकेकमध्ये चालेल का? — एक वाचक

उत्तर : चालेल काय, धावेल! पण चकत्या करून नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा टांगलेल्या असतात ते हे सॉसेज : डुकराचं मांस, लाल मिरची, लसूण, मिरी आणि माडाच्या ताडीचं व्हिनेगर. ते मुरवून उन्हात किंवा धुरावर सुकवलेलं असतं, शिजवलेलं नसतं. दिसायला पक्कं दिसतं म्हणून कच्चं तोंडात टाकू नका.

वरची आतडी काढा, मांस कुस्करा, एक कांदा बारीक चिरून त्यात घाला आणि वाटीभर पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. पाणी आटेल आणि लालभडक चरबी सुटेल. ती निथळून वाटीत काढा, फेकू नका. तव्याला कांद्याची फोड तेलाऐवजी या चरबीत बुडवून फिरवा. पॅनकेकच्या कडेला जो तांबडा, आंबट-तिखट खरपूसपणा येतो, त्यासाठी मी लोण्यावर पाणी सोडीन. पिठात मीठ अजिबात नको, सॉसेज स्वतःच भरपूर खारट असतं. साखर अर्ध्यावर आणा. एका पॅनकेकला मोठा चमचाभर खिमा पुरे, जास्त घातलात तर पॅनकेक उलटताना फाटेल.

प्रश्न : आमच्याकडे हलाल लागतं, दापोलीत तसं सॉसेज प्रत्येक वेळी मिळत नाही. घरी करता येईल का? — एक भगिनी

उत्तर : येईल, आणि विकतच्यापेक्षा बरं होईल. ओळखीच्या खाटकाकडून चिकनच्या मांडीचा खिमा आणा, छातीचा नको, तो कोरडा होतो. पाव किलोला पाऊण लहान चमचा मीठ, ठेचलेली लसूण, भरड मिरी, थोडी कुटलेली बडीशेप, मोठा चमचाभर तेल आणि दोन चमचे बर्फाचं पाणी. आता हाताने मळा, आणि मळत राहा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि खिमा चिकट होतो. गोळा हातात घेऊन तळहात उलटा केला तरी तो पडला नाही, की झालं. खिमा गारच राहायला हवा, नाहीतर तेल वेगळं होतं.

आतडी भरायच्या भानगडीत पडू नका. बोटाएवढे रोल वळून केळीच्या पानात गुंडाळा, मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवा. एक कापून मधे नीट शिजल्याची खात्री करा, गार करून चकत्या करा आणि वर देवगडच्या ताईंना सांगितलं तसं पुढे जा. वाफवलेले रोल फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात.

प्रश्न : मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घेतलं तर? — एक वाचक, गुहागर

उत्तर : पॅनकेक होणार नाही. फुगणार नाही आणि उलटताना मोडेल. त्यापेक्षा सरळ घावणे काढा (दर वेळी पीठ तळापासून ढवळून, ते खाली बसतं) आणि त्यात परतलेलं अख्खं सॉसेज गुंडाळा. किंवा आंबोळीचं रात्रभर आंबवलेलं पीठ जरा दाट ठेवून त्यावर खिमा पेरा. मला तरी हे दुसरं पॅनकेकहून जास्त आवडतं.

प्रश्न : वादळात आमच्याकडे दीड दिवस लाईट नव्हती. फ्रीझरमधलं सॉसेज वापरावं की टाकावं? — एक वाचक, मालवण

उत्तर : दार उघडलं होतं का, त्यावर आहे. गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. खालचा फ्रिज मात्र चारच तास. पाकिटात अजून बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवलेलं चालतं, चव थोडी उतरते इतकंच. मऊ आणि कोमट झालं असेल तर वास घेत बसू नका, टाका. खराब झालेल्या मांसाला दर वेळी वास येतोच असं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी फ्रीझरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, पण काठोकाठ भरू नका, फुटतात.