लॉकडाऊन, मुलांचा मोबाइल आणि पालकांची नजर

मुलांच्या नकळत त्यांचा मोबाइल तपासावा का, हा प्रश्न मार्च २०२०मध्ये शाळा बंद होऊन वर्ग मोबाइलवर भरू लागल्यापासून अनेक पालकांनी मला विचारला. त्यांपैकी एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे देत आहे.

नववीतल्या मुलीचे वडील घरूनच काम करत आणि ती आंघोळीला गेली की तिचे इन्स्टाग्राम उघडून पाहत. त्यात वावगे काही सापडत नसे; तरीही मुलीचे जेवण कमी झाले होते आणि ती सतत चिडत होती. मोबाइल काढून घ्यावा का, असे आईने विचारले.

मुलीशी स्वतंत्रपणे बोलल्यावर कळले की वडिलांची तपासणी तिच्या केव्हाच लक्षात आली होती, म्हणून तिने दुसऱ्या नावाने खाते उघडले होते. त्या खात्यावर, आपणही शाळकरी मुलगी आहोत असे भासवून ओळख वाढवलेली एक व्यक्ती आता तिच्याकडे फोटो मागत होती आणि नकार दिल्यास आधीचे बोलणे सर्वांना दाखवण्याची धमकी देत होती. आईवडिलांच्या रागावण्यापेक्षा मोबाइल जाण्याची तिला अधिक भीती होती, कारण त्या महिन्यांत मोबाइल गेला असता तर वर्ग आणि मैत्रिणी दोन्ही एकदमच तुटले असते.

ही गोष्ट मी गुप्त ठेवू शकत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. मात्र ती घरी कशी सांगायची, हे आम्ही मिळून ठरवले. धमकीचे संदेश पुसण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवायला लावले, नंतर त्या व्यक्तीचे खाते ब्लॉक केले आणि आईवडिलांनी पोलिसांत तक्रार दिली. अल्पवयीन मुलांचा ऑनलाइन होणारा असा छळ २०१२च्या पोक्सो कायद्याखाली, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, गुन्हा ठरू शकतो, याची त्यांना कल्पना नव्हती.

देखरेख हवीच, पण ती मुलांना ठाऊक असलेली हवी, असे माझे ठाम मत आहे. या घरात रात्री सर्वांचे मोबाइल, वडिलांचासुद्धा, बाहेरच्या खोलीत ठेवायचे ठरले. फॉलोअर्सची यादी आईने मुलीला शेजारी बसवूनच पाहायची आणि धोक्याची शंका असल्याशिवाय खासगी संदेश वाचायचे नाहीत, हेही ठरले. अडचण सांगितल्याबद्दल मोबाइल काढून घेतला जाणार नाही, ही अट मात्र वडिलांना जड गेली, आणि त्यांची काळजी खरीच होती. त्यांनी ती मान्य केली, तेव्हा कुठे मुलीने ते दुसरे खाते त्यांना उघडून दाखवले.