अपमानाचा क्रूस श्रद्धेचे चिन्ह कसा झाला?

प्रश्न : क्रूस हे रोमन साम्राज्यातील देहदंडाचे साधन होते, मग ख्रिस्ती धर्माने तेच आपले चिन्ह म्हणून का स्वीकारले?

उत्तर : ही शिक्षा मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होती, रोमन नागरिक सहसा तिच्यातून सुटत. जीव घेण्याइतकाच दहशत बसवणे हा तिचा हेतू असे, म्हणूनच इ.स.पू. 71 मध्ये गुलामांचा पुढारी स्पार्टाकस याचे बंड मोडल्यावर पकडलेल्या सुमारे 6,000 जणांना कापुआ ते रोम या हमरस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवण्यात आले. 1968 मध्ये जेरुसलेममधील एका थडग्यातील अस्थिपेटीत टाचेचे हाड सापडले. त्यातून आरपार गेलेला लोखंडी खिळा टोकाशी वाकल्याने तसाच अडकून राहिला होता. असे मरण आलेल्याची पूजा करणे त्या काळी हास्यास्पदच वाटे. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर सापडलेल्या, भिंतीवर कोरलेल्या एका चित्रात गाढवाचे डोके असलेली क्रुसावरील आकृती आणि ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो’ अशी ग्रीक ओळ आहे. टवाळी याहून बोचरी क्वचितच असेल.

ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पौल याने मात्र ही लाज लपवली नाही, उलट तिलाच आपल्या संदेशाच्या मध्यभागी ठेवले. ख्रिस्ताने मानवाच्या पापांचे ओझे स्वतः वाहिले आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, अशी ख्रिस्ती श्रद्धा असल्यामुळे गुड फ्रायडे (येशूच्या क्रुसावरील मरणाचा दिवस) ईस्टरपासून (त्याच्या पुन्हा उठण्याच्या सणापासून) वेगळा काढता येत नाही. तरीही ख्रिस्ती कलेत क्रुसावरील येशूचे चित्रण दीर्घकाळ दुर्मीळच होते; रोममधील सांता सबिना चर्चच्या लाकडी दरवाजावरील पाचव्या शतकातील कोरीवकाम हे त्याचे एक अगदी जुने उदाहरण आहे.