आधी त्याचे दात दाखवा

(बेळगावातल्या वडगावच्या एका आईचं पत्र. मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, मोजकेच शब्द बोलतो. गेले काही आठवडे संध्याकाळी वस्तू फेकतो, स्वतःचा हात चावतो; परवा धाकट्या बहिणीला ढकललं. वडील थोबाडीत देतात. सासूबाई म्हणतात, सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला नेऊन आणू. ‘विनाकारण चिडतो, काय करू?’ असं त्या विचारतात.)

ताई, विनाकारण कुठं हो? कारणं तुम्हीच लिहिलीत. भाकरी ताटात तशीच ठेवतो, नुसता दहीभात खातो आणि उजव्या गालावर बुक्की मारतो, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. माझं लक्ष तिथंच अडकलं. दाढच दुखत असेल असं मी इथं बसून सांगू शकत नाही, पण ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही तो ते हातापायांनी सांगतो. दात, कान, पोट साफ न होणं, झोप न लागणं, एवढं या आठवड्यात डॉक्टरांकडून तपासून घ्या. यजमानांना हेही सांगा, की ती थोबाडीत कदाचित त्याच दुखऱ्या गालावर बसत असेल.

दुसरं आवाजाचं. शेजारचा विणकामाचा माग दिवसभर खडखडतो तरी हा खुशाल खेळतो, आणि कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळतो, म्हणून घरचे ‘नाटकं करतो’ म्हणतात. नाटक नव्हे ते. मागाचा आवाज एका लयीत चालतो. शिट्टी कधी होईल याचा त्याला नेम नसतो. त्यात साडेपाचला तो शाळेतून दमून येतो, टीव्ही चालू, पाहुणे बसलेले, बहीण रडत. कुकर तो यायच्या आधी उतरवा. आल्यावर अर्धा तास आतल्या खोलीत पडू दे, कुणी ‘आज शाळेत काय केलंस’ विचारायचं नाही.

एक वही घाला. भडकण्याआधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, एवढंच लिहायचं. फेकाफेक केल्यावर दर वेळी मोबाइल हातात पडत असेल तर तेही त्यात दिसेल.

भडका उडाला की आधी बहिणीला बाजूला घ्या, पोरांची गर्दी हटवा, फेकण्यासारखं उचला. बोलायचं कमी, हळू. समजूत घालू नका, त्या वेळी त्याच्या कानात काही शिरत नाही. शिकवायचं ते शांत असताना: ‘नको’, ‘दुखतंय’, ‘बाहेर जायचं’ यांची चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवा. त्यानं ‘नको’चं कार्ड दाखवलं की सुरुवातीला तरी ती गोष्ट लगेच थांबवायची, नाहीतर कार्डावर त्याचा भरवसा बसणार नाही. तोच संच शाळेत द्या. आणि शाळा कन्नड म्हणून घरचं मराठी बंद करा, हा कुणीतरी दिलेला सल्ला सोडून द्या. दोन भाषांनी ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागं पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

सौंदत्तीला जरूर जा, सासूबाईंचं मन कशाला मोडा? फक्त पौर्णिमा टाळा. ती रेटारेटी आणि भंडाऱ्याची उधळण त्याला झेपायची नाही. आडवारी पहाटे जाऊन या.

एवढं करूनही त्याचं मारणं-चावणं थांबलं नाही तर धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था गाठा. चिडचिड फारच असेल तर रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोलसारखी औषधं डॉक्टर देतात. वजन वाढतं, सुस्ती येते, म्हणून ती त्यांच्याच देखरेखीखाली. मेडिकलवाल्याला विचारून नव्हे. मध्येच टक लावून हरवल्यासारखा होत असेल तर मात्र वाट बघू नका. फिट्स आहेत का ते लगेच तपासून घ्यायला हवं. रात्री-अपरात्री तुमचाच धीर सुटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

धारवाडला जाताना ती वही न्या, मोबाइलवर काढलेले एक-दोन व्हिडिओ न्या, आणि यजमानांनाही सोबत घ्या. डॉक्टरांचं त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकलेलं बरं.