शिकागोच्या पुढे बघायला काय आहे?

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीतलं बिऱ्हाड हलवून जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहायला जातोय. सामान ट्रकने जाईल, आम्ही गाडीने. मुलगा, सून, आठ वर्षांची नात, मी आणि माझे यजमान. आम्ही दोघं सत्तरीला टेकलो आहोत. मुलाने इंटरस्टेट 80 हा महामार्ग धरून सहा दिवसांचा बेत आखलाय. त्याचं म्हणणं, शिकागो सोडलं की डोंगर लागेपर्यंत बघण्यासारखं काही नाही, तेवढं उरकून टाकू. मला पटत नाही, पण त्याला सांगायला माझ्याकडे काही नाही. शिवाय माझी तुळस आणि कढीपत्ता गाडीतून नेता येईल का?
— एक आजी, न्यू जर्सी

उत्तर : आजी, तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. आता मुलाला सांगायला काय, ते बघू.

आधी हिशेब. इंटरस्टेट 80 न्यू जर्सीतल्या टीनेकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातो, सुमारे 2,900 मैल. सहा दिवसांत म्हणजे रोज पावणेपाचशेच्या वर. चाकं फिरण्याचेच सात-आठ तास झाले. त्यात पेट्रोल, जेवण, नातीची ‘शू’ आणि तुमचे आखडलेले गुडघे धरा. मुक्कामी पोचेपर्यंत रात्र होते. अशा प्रवासात बघण्यासारखं काही नसतंच, कारण थांबायलाच वेळ नसतो. तिथल्या जमिनीला त्याचा दोष कशाला द्यायचा? मी म्हणेन, बारा-तेरा दिवस काढा. मुलाची रजा तेवढी नसेल तर नोकरीवर रुजू व्हायची तारीख आठवडाभर पुढे ढकलता येते का, हे त्याने एकदा विचारून बघावं. तीन पिढ्या एका गाडीत असा योग पुन्हा जुळवणं फार अवघड असतं.

मग रस्ता बदला. शिकागोपर्यंत 80 ठीक आहे. पेनसिल्व्हेनियात शिरतानाचा पूल सोडला तर त्या राज्यात टोल नाही. ओहायो आणि इंडियानात आहे, पण तुमच्याकडचा ई-झेडपास (गाडीत लावायचा टोलचा पास) तिथे आणि शिकागोच्या आसपासही चालतो. या टप्प्याला दोन दिवस पुरेत, तिथे रेंगाळू नका. शिकागोहून मात्र इंटरस्टेट 90 धरा, वायव्येकडे. पहिला मुक्काम विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसला. गाव मिसिसिपीच्या काठावर आहे. संध्याकाळी नातीला नदीवर न्या आणि हेच पाणी थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत जातं, हे नकाशावर बोट फिरवून दाखवा.

मिनेसोटा ओलांडून साउथ डकोटात शिरलात की मिचेल गावात कॉर्न पॅलेस लागतो. इमारतीच्या भिंतींवरची चित्रं खऱ्या मक्याच्या कणसांची आहेत, रंगही मक्याचेच. अर्ध्या तासाचं काम, पण मुलं खूश होतात. तिथून पुढे वॉल ड्रगच्या पाट्या दिसू लागतील, एकामागून एक. 1931 साली टेड आणि डोरोथी हस्टेड या जोडप्याने वॉल या छोट्याशा गावात औषधाचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक फिरकेना. 1936 च्या उन्हाळ्यात डोरोथीबाईंना सुचलं की तापलेल्या रस्त्यावरच्या लोकांना बर्फाचं पाणी फुकट देतो असं पाटीवर लिहावं. लोक थांबू लागले, ते आजतागायत. पाणी अजून फुकटच मिळतं. त्या पाट्या मोजायचं काम नातीकडे द्या.

पण थेट वॉलला जाऊ नका. आधी 131 नंबरच्या एक्झिटला उतरा आणि बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानातला रस्ता घ्या. तो फिरून वॉलजवळ, 110 नंबरला परत हायवेला मिळतो. हाच तो भाग, जिथे तुमचा मुलगा ‘काही नाही’ म्हणतो! सपाट गवताळ माळ अचानक संपतो आणि खाली पिवळ्या-गुलाबी पट्ट्यांचे कडे उघडतात. पूर्वी इथे समुद्र होता, मग गाळाचे थर साचले आणि पावसापाण्याने ते असे कोरले. मला अमेरिकेतल्या सगळ्या रस्त्यांत हा तुकडा सर्वांत प्रिय आहे. जूनमध्ये सूर्य तिथे साडेआठच्या सुमारास मावळतो, शेवटच्या दीड तासात रंग बदलत जातात. त्या दिवशी सकाळी फक्त दोनशे-अडीचशे मैल कापा आणि संध्याकाळ इथे ठेवा. बहुतेक सगळं थांब्यांवरूनच दिसतं, त्यामुळे तुमच्या यजमानांना चढावं लागणार नाही. गवतात मात्र पाय टाकू नका, रॅटलस्नेक जातीचे विषारी साप असतात.

माउंट रशमोर, म्हणजे डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे, तासाभरात होतं. त्याहून जास्त वेळ वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवर या उभ्या कातळाला द्या. 1906 साली जाहीर झालेलं हे देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक. पायथ्याची पायवाट सव्वा मैलाची आहे. पुढे बिगहॉर्न पर्वत ओलांडून कोडीला मुक्काम. घाट 9,000 फुटांच्या वर जातो. यजमानांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

यलोस्टोनला दोन रात्री हव्यातच. उद्यानाच्या आतल्या खोल्या फार आधी भरतात, तेव्हा कोडी आणि वेस्ट यलोस्टोनमध्ये आजच बघा. बाकी ठिकाणी दोन-चार दिवस आधी ठरवलं तरी चालेल. ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याच्या पुढच्या फवाऱ्याची अंदाजे वेळ तिथे लिहिलेली असते. बायसन (तिथला रानगवा) शांत दिसतो म्हणून फोटोसाठी जवळ जाऊ नका, 25 यार्डांचं अंतर राखणं हा तिथला नियमच आहे.

यलोस्टोनहून सॉल्ट लेक सिटी, आणि तिथे पुन्हा 80. शहर सोडल्यावर तासा-दीड तासाने बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्स. विश्रांतीच्या जागेवर उतरून सरळ मिठावर चालता येतं. नेव्हाडा लांबलचक आहे. तिथे पहाटे निघा आणि टाकी अर्ध्यावर आली की भरा, काटा खाली जायची वाट बघू नका. फोनमधले नकाशे आधीच उतरवून ठेवा.

खाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार? तरी एक सांगते, लहान राइस कुकर, मूगडाळ-तांदूळ आणि मेतकूट सोबत असू द्या. शाकाहारी माणसाला साउथ डकोटात चौथ्या दिवशी सॅलड बघवत नाही.

आता रोपं. कॅलिफोर्नियाच्या हद्दीत शिरताना ट्रकीजवळ शेतीखात्याचा तपासणी नाका आहे. फळं, झाडं आहेत का विचारतात. असतील ती सांगा, लपवू नका. घरात विकतच्या मातीत वाढलेल्या, कीड नसलेल्या तुळशीची सहसा अडचण येत नाही. कढीपत्त्याचं तसं नाही. तो लिंबाच्या कुळातला आहे आणि लिंबू-संत्र्याच्या झाडांना मारणारा रोग ज्या किडीमुळे पसरतो, तिला कढीपत्ता फार आवडतो. तुमचं रोप कितीही निरोगी असलं तरी ते जर्सीतल्या मैत्रिणीला देऊन टाका. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांच्या बागा त्यावर अवलंबून आहेत.

प्रश्न : आम्ही मित्र शिकागो ते लॉस एंजेलिस पूर्ण रूट 66 ने जायचं म्हणतोय. जमेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अखंड नाही जमणार. 1926 सालचा हा रस्ता 1985 मध्ये महामार्गांच्या अधिकृत यादीतून गेला. त्याचे तुकडे उरलेत, ओक्लाहोमा सिटीपासून पश्चिमेला बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी आता इंटरस्टेट 40 धावतो. सगळे तुकडे शोधत बसाल तर वैतागाल. तेव्हा त्या भागात 40 ने जा आणि निवडक ठिकाणी उतरा. टेक्ससमध्ये अमरिलोजवळ कॅडिलॅक रँच, जिथे 1974 पासून दहा मोटारी नाकावर जमिनीत गाडलेल्या आहेत. त्याच्या पुढे एड्रियन गाव, या रस्त्याचा मध्यबिंदू. ॲरिझोनात विन्सलोजवळचं उल्काविवर, सुमारे पाऊण मैल रुंद आणि सुमारे 50,000 वर्षांपूर्वीचं. आणि सेलिगमनपासून पश्चिमेचा जुना रस्ता, तो मात्र पुरा करा. ॲरिझोना बहुतांशी घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाही, तेव्हा खोलीची आणि तिकिटांची वेळ तिथल्या घड्याळाने तपासून घ्या.